पाहुणे वाटेला लावण्याची विद्या

१८ जून १९५७, मंगळवार

तारीख जयाची, वार माझा. मला अक्षर येत नाही, वार येतो. वार चुकला तर उपास चुकतो. तारीख चुकली तर काय चुकतं ते अजून मला कुणी सांगितलेलं नाही.

मी बोलते, जया लिहिते. जया म्हणजे जयलक्ष्मी, माझ्या भावाची लेक आणि माझी सून. भाची होती तोवर फार गोड होती. (हेही लिही ग. गाळलंस तर सुंदरकडून वाचवून घेईन.)

हा उपद्व्याप सुंदरचा. माझ्या बहिणीचा नातू. कलकत्त्यास नोकरीला आहे. तिथं विलायतेहून एक यंत्र आलंय म्हणे, खोलीएवढं. मी विचारलं, "खातं काय?" म्हणाला, "वीज." "आणि जाणतं काय?" म्हणाला, "काहीच नाही, आजी. सांगू तेवढंच." म्हटलं, मग ते आमच्या राजगोपालासारखंच झालं. राजगोपाल माझा मुलगा, जयाचा नवरा. जया लिहिताना हसली.

सुंदरचं म्हणणं असं, की जाणती माणसं मरतात आणि त्यांच्याबरोबर त्यांचं जाणतेपण जळून जातं. ते आधीच त्यांच्याकडून काढून घ्यावं, 'असं असलं तर तसं करावं' असे त्याचे तुकडे पाडावे आणि यंत्राला भरवावे. मग यंत्र जाणतं होईल. त्याचे साहेब ऐकून हसले. म्हणून हा रजा टाकून आलाय. एका माणसाचं एक जाणतेपण पुरतं उपसून दाखवणार. वैद्य मिळाला नाही, ज्योतिषी मिळाला नाही. माझ्या बहिणीनं सांगितलं, गंगाक्काकडे जा, ती कसलाही चिवट पाहुणा हसत हसत वाटेला लावते.

आमच्या मेलकावेरी गावात हे सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या घरातून पाहुणा रागावून गेला नाही आणि राहूनही गेला नाही.

तर रोज काय केलं आणि करताना काय मनात आलं ते सांगत जायचं. सांगितलं. आता पाठ टेकते.

२० जून, गुरुवार

विद्येची गरज घरात आत्ताच आहे, हे सुंदरचं भाग्य आणि आमचं दुर्भाग्य.

मागच्या अंगाची, विहिरीकडची खोली शेषाद्रीरावांनी धरली आहे. हे माझे चुलत दीर, तंजावरचे. मुलाच्या घराला चुना देताहेत, वास सोसत नाही, म्हणून एका एकादशीपुरते आले. चुना वाळला असेल, पोपडे धरले असतील. भावजी आहेत तिथंच आहेत. ट्रंक, तपकिरीच्या डब्या, आणि सकाळी घसा साफ करणं असं, की विहिरीतलं कासव बुडी मारतं.

आणि ती खोली हवी आहे वत्सलेला. वत्सला जयाची मुलगी, मद्रासला दिली. पहिलटकरीण आहे. त्या खोलीत जया बाळंत झाली, जयाची नणंद झाली. विहीणबाईंनी कळवलंय, आडीचा अशुभ महिना लागला की आम्ही पोरीला हलवणार नाही. आडी लागायच्या आत न्या. खोली नसेल तर तसं सांगा, इथं इस्पितळ आहे. त्या 'इस्पितळ आहे'मध्ये जो गोडवा होता तो जयाला रात्रभर टोचला.

मी लगेच तिरुवलंचुळीच्या पांढऱ्या विनायकाला नवस बोलले: वत्सला सुखरूप आमचा उंबरा ओलांडेपर्यंत माझी सगळ्यात आवडती वस्तू सोडली. आमच्यात असंच करतात. कुणी गूळ सोडतं, कुणी केळं. मी सीताकल्याण सोडलं.

सीताकल्याण हे माझ्या आजीचं गाणं. जानकीच्या स्वयंवराला एकेक राजा येतो, प्रत्येकाचे हत्ती वेगळे, झुली वेगळ्या; मग पंगत, मग पंगतीतल्या भाज्या. शेवटी मंगळ, लग्न लागल्याचं कडवं. मंगळ होईपर्यंत ऐकणाऱ्यानं उठू नये, उठला तर जानकीचं लग्न अर्ध्यावर राहतं. माझ्या तोंडचं मंगळ पुष्कळ वर्षांत कुणी ऐकलेलं नाही. दर वेळी कुणाला ना कुणाला तातडीचं काम निघतं. मी मनाला लावून घेत नाही. पुढल्या खेपेस पहिल्या राजापासून धरते.

नवस ऐकून जया म्हणाली, "अत्या, त्यापेक्षा कापी प्यायची सोडा ना." सासूच्या गाण्यावर एवढी माया करणारी सून शोधून मिळायची नाही.

२३ जून, रविवार

सुंदरनं नुसतं विचारून पाहिलं. "आजी, पाहुण्याला घालवायची वेळ आली हे तुला कसं कळतं?"

"कळतं."

"कशावरून?"

"त्याच्यावरून."

"त्याच्यातल्या कशावरून?"

"अरे, भात शिजला हे कशावरून कळतं?"

"शीत दाबून."

"मग दाब की पाहुण्याला!"

त्यानं लिहून घेतलं. नंतर माझे तीन उपाय नीट सांगितले. पहिला, परतीच्या मोटारीची चौकशी, पण अशी की जणू आपल्यालाच जायचंय. दुसरा, पाहुण्याची छत्री दाराशी, त्याला येता-जाता दिसेल अशी टेकवून ठेवणं. तिसरा, पानात चिंचभात. चिंचभात हा प्रवासाचा भात. तो दोन जेवणांना सारखा वाढला, की शहाण्या माणसाचे पाय आपोआप वाटेला लागतात.

मग त्यानं नवी युक्ती काढली. मला अक्षर नाही म्हणून स्वयंपाकघरातून चिंच, वांगं आणि केळं आणून समोर मांडलं. चिंच म्हणजे अंबाबाई, माझ्या वन्सं. मागे आल्या होत्या. वांगं म्हणजे तिरुचीचे पुराणिकबोवा. केळं म्हणजे शेषाद्रीराव. म्हणाला, "यातले कुठले दोन सारखे आणि तिसरा वेगळा?"

"चिंच आणि वांगं सारखे."

"का?" डोळे चमकले त्याचे.

"दोन्ही आज सांबारात पडायचे आहेत."

"आजी, माणसं म्हणून सांग!"

मग विचार केला. अंबाबाई आणि पुराणिक जेवताना अधूनमधून उंबऱ्याकडे बघायचे. भावजी पानाबाहेर बघतच नाहीत. उंबऱ्याकडे बघणारा पाहुणा मुळात निम्मा गेलेला असतो. हे माझं मलाच माहीत नव्हतं! सुंदर तर नाचायचाच बाकी राहिला. वही आणायला धावला, तोवर जयानं पुराणिकबोवांना चिरलं.

२५ जून, मंगळवार

आजची पद्धत वाईट. सुंदर म्हणाला, काम करताना मनात येईल ते मोठ्यानं बोलत जा, मी बाजूला बसून टिपतो.

भावजी झोपाळ्यावर होते. मी छत्री उचलली आणि बोलले, "ही छत्री आता दाराशी ठेवते. इथं ठेवली म्हणजे दिसेल. दिसली म्हणजे वाटेल..."

"वहिनी, काय वाटेल?" झोपाळ्यावरून.

मी सुंदरकडे पाहिलं. त्यानं बोटानं खूण केली, थांबू नकोस. विद्येसाठी माणसाला काय काय करावं लागतं!

"घराची आठवण येईल असं वाटतं."

"कुणाला?"

"तुम्हांला, भावजी."

ते असे हसले की तपकीर उडाली आणि सुंदर शिंकत बसला. म्हणाले, "वहिनी, तंजावरात माझ्याशी असं थट्टेनं बोलणारं कुणी नाही. मुलगा 'हूं' म्हणतो, सून 'ऊं' म्हणते. आठवण यायला तिथं आहे काय! इथंच बरं." आणि उठून ती छत्री उघडली, अंगणात उभी केली आणि तिच्यावर ओलं उपरणं वाळत घातलं.

२८ जून, शुक्रवार

कावेरीला पाणी आलं. सगळा गाव बघायला गेला. भावजी छत्री घेऊन निघाले तेव्हा जयानं माझा हात धरला; मीही देवाला हात जोडले. जेवायच्या वेळेला परत आले. वाटेत भाजी घेऊन आले, म्हणजे आणखी काही दिवसांची निश्चिंती.

चिंचभात चालू आहे. काल म्हणाले, "वहिनी, तंजावरास असा चिंचभात होत नाही," आणि तिसऱ्यांदा घेतला. मोटारीचं विचारलं तर म्हणाले, "मोटार मला लागते हो."

माझा एकही उपाय लागू पडत नाही. आजवर असं झालं नव्हतं. हात गेला की काय माझा? देवळातल्या नादस्वरवाल्याचे दात गेले तेव्हा त्याचं तोंड कसं झालं होतं, ते आठवतंय. जयानं बाळंतिणीची बाज उन्हात घातली होती. संध्याकाळी मुकाट्यानं उचलून पुन्हा माळ्यावर टाकली. मी थट्टा केली नाही.

१ जुलै, सोमवार

सुंदर म्हणाला, विद्या माझ्या वहीत नीट उतरली का ते करून बघू. तो पाहुणा झाला, जया गंगाबाई, म्हणजे मी, झाली. जयानं माझं चालणं, पदर खोचणं, भुवई, सगळं केलं. फारच केलं. इतक्या वर्षांत ही माझ्याकडे एवढं निरखून बघत होती हे मला ठाऊक नव्हतं.

पण सुंदर काही जाईना. म्हणे, "नियमाप्रमाणे मला अजून जावंसं वाटत नाही."

तेवढ्यात खोलीतून भावजी आले. "काय चाललंय? नाटक? वहिनी कोण, ही? छे, छे. वहिनी अशा नाहीत. सरक ग जये." आणि स्वतः गंगाबाई होऊन बसले. उपरण्याचा पदर घेतला. अगदी गोड आवाजात म्हणाले, "सुंदरराव, पाटपाणी झालं हो. तंजावरची मोटार हल्ली वेळेवर सुटते का, नाही, मला आपली उगाच काळजी." डाव्या हातानं छत्री अशी टेकवली, की तिचं टोक सुंदरच्या पायाला आणि मूठ रस्त्याला. सुंदर उठला, नमस्कार केला, चपला घातल्या, आणि बेकरीपर्यंत पोचल्यावर त्याला आठवलं की आपण इथंच राहतो.

विद्या भावजींना संपूर्ण आली आहे. फक्त स्वतःवर चालवत नाहीत.

४ जुलै, गुरुवार

विहीणबाईंचा पुन्हा निरोप आला: खोलीचं काय? या रविवारच्या पुढल्या रविवारपर्यंत नेलं नाहीत तर राहू द्या. राजगोपाल म्हणाला, भावजींना सरळ सांगून टाकतो. मी म्हटलं, खबरदार. वडीलधाऱ्याला जा म्हटलेलं घर त्याच्याबरोबरच निम्मं चालू लागतं.

सुंदरनं आज शेवटचा उपाय काढला. म्हणाला, "आजी, तू काय करतेस ते सांगू नकोस. प्रत्येक पाहुणा गेला त्याच्या आदल्या संध्याकाळी काय काय झालं, तेवढंच सांग. बारीकसारीक. फालतू वाटेल तेसुद्धा."

सांगितलं. अंबाबाई: मोटारीचं विचारलं, छत्री ठेवली, चिंचभात वाढला. मग त्यांचा चेहरा उतरलेला दिसला, म्हणून बरं वाटावं म्हणून जरा सीताकल्याण म्हटलं. अंग देशाच्या राजापर्यंतच झालं. सकाळी डोकं धरून गेल्या, प्रकृती नाजूक. पुराणिकबोवा: मोटार, छत्री, भात. जाणता माणूस म्हणून मुद्दाम गायले. पंगतीतला भोपळा आला आणि त्यांना स्वामिमलैला पुराण सांगायचंय ते आठवलं.

सुंदरची पेन्सिल थांबली. "आणि ते साक्कोट्टैचे गृहस्थ, तू मागे म्हणालीस ते?"

"त्यांना छत्री दाखवायला विसरलेच होते. छत्रीच आणली नव्हती त्यांनी. भात पण साधाच होता."

"मग गेले कसे?"

"तेच सांगते तुला! विद्या हातात इतकी मुरली होती, की काही करावंच लागलं नाही. मी आपली गात होते, ते ऐकता ऐकता उठले ते गेलेच."

सुंदरनं जयाकडे पाहिलं. जयानं सुंदरकडे पाहिलं. दोघं एकमेकांकडे असे बघत राहिले की चुलीवरचं दूध उतू गेलं. मी म्हटलं, अग, दूध! तर जया हसायला लागली आणि पदर तोंडात कोंबून विहिरीकडे पळाली. पोरीच्या काळजीनं बिचारीचं डोकं फिरायला आलंय.

७ जुलै, रविवार

दोघं जोडीनं आले. सुंदर म्हणाला, "आजी, तू गा. शेषाद्रीरावांना सीताकल्याण ऐकव." जया म्हणाली, "अत्या, पाया पडते. सगळं ऐकवा. भाज्यांसकट."

खोटं का बोलू, डोळ्यांत पाणी आलं. माझं गाणं कुणी मागून घेतलं नव्हतं. पण नवस! वत्सला यायची म्हणून गाणं सोडलं, आणि ती यायच्या आत गायले तर विनायक काय म्हणेल?

म्हटलं, एक वाट आहे. माझ्या बदल्यात दुसऱ्या कुणी आपली सगळ्यात आवडती वस्तू सोडली तर तो समजून घेईल. पोट मोठं आहे त्याचं. जया लगेच म्हणाली, "मी कापी..." आणि तेवढ्यात शेजारच्या घरातून कापीचं बी भाजल्याचा वास आला. तिचं वाक्य तिथंच राहिलं. मी आग्रह केला नाही. कापी सोडलेली सून आणि न गेलेला पाहुणा एका घरात मला नकोत.

सुंदर म्हणाला, "मी सोडतो. सिगारेट."

"ओढतोस होय!"

त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"ती आवडती नव्हे, ती चोरटी. ती तशीही सोड. आवडती सांग."

तो डोकं खाजवत बसला. मीच सांगितलं, "तुझी आवडती वस्तू प्रश्न. वत्सला घरात येईपर्यंत प्रश्न सोड."

"प्रश्न? का?"

"बघ."

तोंड मिटलं त्यानं. मग सायकल काढून तिरुवलंचुळीला गेला आणि पांढऱ्या विनायकासमोर नवस बोलून आला. आल्यावर बराच वेळ माझ्याकडे तोंड उघडं टाकून बघत होता, पण विचारलं काही नाही.

१० जुलै, बुधवार

गायले!

काल दिवेलागणीनंतर भावजींना झोपाळ्यावर बसवलं. आनंदानं बसले. "वहिनी, गाता? बोललात नाही कधी!" सुंदर खाली चटईवर. जयाला आत पुष्कळ काम होतं.

पहिल्या राजाला भावजी "वा वा" म्हणाले. दुसऱ्याला मान हलवली. वंगराजाच्या हत्तींच्या घंटा चालू असताना तपकीर घेतली. कलिंगाचा राजा नदी उतरत होता तेव्हा हळूच म्हणाले, "वहिनी, अजून राजे आहेत?"

"भावजी, स्वयंवर आहे जानकीचं. थोडेथोडके येतील?"

उठायला गेले. मी म्हटलं, मंगळ व्हायचंय. बसले. पुन्हा उठले, म्हणाले घशाला कोरड पडली. जयानं आतून तांब्या आणून दिला. फार तत्पर आहे ती कधीकधी. सुंदर चटईवर बसून सगळं ऐकत होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यानं काही टिपलं नाही. पंगतीच्या भाज्या सुरू व्हायच्या आत माझाच घसा बसला, म्हणून म्हटलं, "राहिलेलं सकाळी. पहिल्यापासूनच धरू, म्हणजे तुटल्यासारखं वाटणार नाही."

आज सकाळी पाहिलं तर दारात बैलगाडी. ट्रंक गाडीत. भावजी अंघोळ करून, गंध लावून उभे. म्हणाले, स्वप्नात मुलगा दिसला, चुना वाळला म्हणून सांगत होता.

चिंचभात बांधून दिला. गाडीत चढताना थांबले. "वहिनी, थट्टा चुकेल हो तुमची." मला गलबललं. म्हटलं, भावजी, बारशाला या की. "येईन," म्हणाले, "गाणं नसेल ना? नाही, तुमच्या घशाला त्रास म्हणून."

माझ्या घशाची एवढी काळजी कुणी केली नव्हती.

आणि जाताना आठवणीनं दाराशी टेकवलेली छत्री उचलली. गाडी वळली तशी मी सुंदरचा दंड धरला. "पाहिलंस? छत्री! उशिरानं लागू पडली, पण पडली." त्यानं तोंड उघडलं, विनायकाची आठवण झाली, मिटलं. म्हणाला, "हो आजी. छत्री."

मागाहून राजगोपाल म्हणाला, ती छत्री आपली होती. भावजींची माळ्यावर असेल म्हणून शोधली. नव्हतीच. त्यांनी आणलीच नव्हती.

१४ जुलै, रविवार

वत्सला आली. उंबरा ओलांडला, ओवाळलं. पोट उंच आहे, चेहरा सुकलाय, बोलणं सासरचं लागलंय ते दोन दिवसांत उतरेल. बाज खोलीत पडली. जया पोरीच्या केसांना तेल लावत बसली आहे, म्हणून हे लिहायला तिला ओढून आणलंय. (तेलकट बोटं वहीला लागली. लागू देत.)

नवस सुटला. सुंदरची रजाही संपली. निघताना मी विचारलं, "मग काय भरवणार तुझ्या यंत्राला?"

"छत्री, चिंचभात, मोटार. उंबऱ्याकडे बघणारे आणि पानाकडे बघणारे."

"एवढ्यानं पाहुणे जातील?"

"नाही जायचे, आजी. यंत्राला गळा नाही."

"अरेरे. बिचारं."

मग त्यानं इतके दिवस दाबून धरलेला प्रश्न काढला. "आजी, खरं सांग. तू गाऊ लागलीस की माणसं का जातात असं तुला वाटतं?"

मी म्हटलं, "समोर छत्री दिसते म्हणून."

पाया पडला आणि गेला. त्याला उशीर होईल म्हणून गाणं काही म्हटलं नाही, पण तो छत्रीशिवायच गेला.

२२ ऑगस्ट, गुरुवार

मुलगा झालाय. नाक आमच्याकडचं, आवाज शेषाद्रीरावांचा.

आज दुपारी रडायचं थांबेना. वत्सला थकून झोपलेली, जया घामाघूम. मी पाळण्याशी बसले आणि सवयीनं पहिला राजा काढला. थांबलं पोर. दुसरा राजा आला, वंगराजाचे हत्ती आले. डोळे उघडे ठेवून पडलं होतं. कलिंगराजा नदी उतरला. पंगत बसली. भोपळा झाला, पडवळ झालं, आजवर जिथं कुणी पोचलं नव्हतं ती कारलीसुद्धा झाली. मंगळ आलं. शेवटचं कडवं मी स्वतःच इतक्या वर्षांनी ऐकलं. जानकीचं लग्न लागलं एकदाचं.

मागं वळून पाहिलं तर जया दाराला टेकून उभी. म्हणाली, "अत्या, शेवट किती सुरेख आहे हो."

"तुम्ही कुणी तिथवर आलात कुठं?"

"हा बघा, जागचा हलला नाही."

"त्याला अजून चालता येत नाही," मी म्हटलं. "पाय फुटले की बघू."

दसऱ्याला अंबाबाई येणार आहेत. दोन दिवसांसाठी, असं म्हणतात. छत्री भावजींनी नेली, नवी घ्यायला राजगोपालाला सवड नाही. या खेपेस नुसत्या गाण्यावरच भागवायचं.

लिही ग. थांबलीस का?